घराची आपत्कालीन तयारी: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पूर, भूकंप, वादळ, आग, उष्णतेची लाट अशी यादी करून प्रत्येक संकटासाठी वेगळी तयारी करायला निघालेला माणूस पहिल्या आठवड्यातच दमतो आणि तयारी अर्धवट राहून जाते. घराच्या आतून पाहिले तर काम बरेच आटोपशीर होते. संकट कोणतेही असो, घरात बंद पडणाऱ्या गोष्टी जवळपास त्याच असतात: नळाचे पाणी, वीज, स्वयंपाकाचे इंधन, फोन आणि पुष्कळदा बाहेर पडण्याची नेहमीची वाट. म्हणून ‘आपल्यावर कोणती आपत्ती येईल’ हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून ‘यांतली प्रत्येक गोष्ट तीन दिवस नसली तर या घरातल्या माणसांचे काय होईल’ या प्रश्नापासून सुरुवात करावी. पुढील पायऱ्या त्याच विचाराने मांडल्या आहेत. त्या एका बैठकीत उरकण्याची गरज नाही. आठवड्याला एक घेतली तरी चालेल, मात्र पहिल्या दोन पायऱ्या पुढे ढकलू नयेत.

पहिली पायरी: घराची फेरी

खरेदीला हात घालण्याआधी घरातील सर्वांना सोबत घेऊन कागद-पेन्सिलीसह घरभर एक फेरी मारावी. विजेचा मेन स्विच, पाण्याचा मुख्य कॉक आणि गॅसचा रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह कुठे आहे, हे घरातल्या एखाद्याच माणसाला ठाऊक असते आणि नेमका तोच वेळेवर घरी नसतो. म्हणून प्रत्येक प्रौढ व्यक्तीने आणि समज आलेल्या मुलांनी या तिन्ही ठिकाणी उभे राहून मेन स्विच आणि कॉक स्वतःच्या हाताने एकदा बंद करून पाहावेत. वर्षानुवर्षे न फिरवलेला पाण्याचा कॉक गंजून घट्ट बसलेला असतो, आणि ते या फेरीतच कळलेले बरे. मेन स्विचपाशी पाणी साचले असेल किंवा आपण ओलसर जागी उभे असू, तर त्याला मुळीच हात लावू नये. अशा वेळी वीजपुरवठा बाहेरून तोडून घेणे हाच मार्ग आहे.

गॅसबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळतीनंतर जमिनीलगत आणि खोलगट जागी साचतो, तर पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे चढतो. दोन्हींना मुळात फारसा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. तो वास आला की विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चालू करण्यासाठीही नाही आणि बंद करण्यासाठीही नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. हाताशी असेल तर व्हॉल्व्ह बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर पडावे आणि फोन बाहेर गेल्यावरच करावा. पाइप गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह आपत्तीत बंद केला असेल, तर तो पुन्हा सुरू करण्याचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञावर सोपवावे.

याच फेरीत पलंगांच्या आसपास काय उभे आहे ते पाहावे. जपानमधील कोबे शहराला १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी भूकंपाचा धक्का बसला तेव्हा बहुतेक लोक अंथरुणातच होते, आणि कोसळलेल्या घरांखाली व सामानाखाली दबून मोठी जीवितहानी झाली. उंच कपाटे आणि पुस्तकांचे रॅक वरच्या बाजूने भिंतीला स्क्रूने जखडावेत, जड वस्तू खालच्या फळीवर आणाव्यात, आणि झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर येईल अशी चौकट, घड्याळ किंवा फळी तिथून हलवावी. त्याचबरोबर जाड तळव्याचे जोडे आणि एक छोटा टॉर्च कापडी पिशवीत घालून ती पिशवी प्रत्येक पलंगाच्या पायाला बांधून ठेवावी. जोडे नुसते पलंगाशेजारी ठेवले तर ते हादऱ्याने सरकतात किंवा त्यांच्यातच काचा पडतात. बांधलेली पिशवी अंधारात हात खाली घातला की सापडते. रात्रीच्या धक्क्यानंतर फुटलेल्या काचांवरून अनवाणी चालणे ही दुखापत सर्वांत सहज टाळता येण्याजोगी आहे.

शेवटी प्रत्येक खोलीतून बाहेर पडण्याच्या दोन वाटा शोधाव्यात. खिडकीला कुलूपबंद गज असतील, तर त्यांची किल्ली खिडकीजवळच, पण बाहेरून हात पोहोचणार नाही आणि घरातल्या सर्वांत लहान जाणत्या मुलाचा हात पोहोचेल अशा उंचीवर टांगावी.

दुसरी पायरी: पाणी

माणूस अन्नावाचून बरेच दिवस काढू शकतो, पाण्यावाचून फार थोडे. पिणे, जुजबी स्वयंपाक आणि हात-तोंड धुणे यांसाठी माणशी रोज सुमारे ४ लिटर पाणी धरावे, असा सर्वसाधारण सल्ला आहे. हा आकडा किमान आहे, हे लक्षात ठेवावे: मदतकार्यात वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांमध्ये पिणे आणि घरगुती स्वच्छता मिळून माणशी रोज निदान १५ लिटर पाणी धरले आहे. चार जणांच्या घराला तीन दिवसांसाठी ४ लिटरच्या हिशेबाने ४८ लिटर पाणी लागते, आणि जागा असेल तर हा साठा हळूहळू दोन आठवड्यांपर्यंत वाढवावा. स्तनदा माता, आजारी व्यक्ती आणि उष्ण हवामान यांसाठी अधिक धरावे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. सगळे पाणी एकाच मोठ्या पिंपात भरले तर ते कोणालाही हलवता येत नाही आणि एकदा दूषित झाले की सगळेच वाया जाते. पाच ते दहा लिटरचे कॅन घ्यावेत, आणि घरातील वयस्क माणसाला एक कॅन उचलून पाहायला सांगावा. त्यांना न पेलणारा कॅन त्यांच्या उपयोगाचा नाही.

भांडी अन्नपदार्थांसाठी बनवलेलीच असावीत. पूर्वी कीटकनाशक, ॲसिड किंवा कोणतेही रसायन ठेवलेला कॅन कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नये. घरी भरलेल्या पाण्यावर भरल्याची तारीख लिहावी, ते उन्हापासून आणि पेट्रोल-रॉकेलसारख्या द्रवांपासून दूर ठेवावे व दर सहा महिन्यांनी बदलावे. वादळाची किंवा पुराची सूचना आधी मिळाली, तर पुरवठा चालू असतानाच बादल्या, टब, मोठी पातेली असे हाती लागेल ते भरून घ्यावे. हे पाणी पिण्यासाठी नसले तरी शौचालयासाठी फार मोलाचे ठरते. साठवण टाकीच्या गीझरमध्येही बरेच पाणी असते. गीझरची वीज किंवा गॅस आधी बंद करून, पाणी निवू देऊन मगच ते काढावे.

साठा संपला किंवा पाण्याबद्दल शंका आली, तर उकळणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. गढूळ पाणी आधी निवळू द्यावे, स्वच्छ कापडातून गाळावे आणि खळखळून उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट उकळावे. समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटे उकळावे, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते. इंधन नसेल तर ज्यात सुगंध किंवा साबण मिसळलेला नाही असे साधे घरगुती ब्लीच चालते. त्यात सोडियम हायपोक्लोराइटचे प्रमाण ५ ते ६ टक्के असेल, तर स्वच्छ दिसणाऱ्या एक लिटर पाण्याला दोन थेंब टाकून, ढवळून अर्धा तास थांबावे. गाळूनही पाणी गढूळ राहिले किंवा ते फार थंड असेल तर चार थेंब टाकावेत. अर्ध्या तासानंतर क्लोरीनचा पुसट वास आला पाहिजे. न आल्यास तेवढीच मात्रा पुन्हा देऊन आणखी पंधरा मिनिटे थांबावे. ड्रॉपर आणि हे प्रमाण लिहिलेली चिठ्ठी ब्लीचच्या बाटलीलाच रबराने बांधून ठेवावी, कारण घाबरलेल्या मनाला आकडे आठवत नाहीत. पाण्यात इंधन किंवा रसायन मिसळल्याचा संशय असेल, तर उकळूनही आणि ब्लीच टाकूनही ते पिण्याजोगे होत नाही.

तिसरी पायरी: अन्न आणि औषधे

अन्नाबाबत फार खटाटोप करू नये. घरात एरवी जे खाल्ले जाते, त्यातले न शिजवता खाता येणारे आणि फ्रिजशिवाय टिकणारे पदार्थ थोडे जास्त आणावेत, नवे मागे व जुने पुढे असे रचावेत आणि वापरतील तसे भरत राहावेत. निराळे ‘आपत्कालीन’ खाद्य आणून कोपऱ्यात ठेवले की त्याची मुदत कधी संपली ते कोणालाच कळत नाही. डबाबंद पदार्थ असतील तर हाताने चालणारा ओपनर हवाच. वीज गेल्यावर फ्रिज बंद ठेवला, तर आतील अन्न सुमारे चार तास सुरक्षित थंड राहते. भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास तग धरतो. दूध, मांस, शिजवलेले अन्न असे नाशवंत पदार्थ ४ अंश सेल्सियसच्या वरच्या तापमानात दोन तासांहून अधिक काळ राहिले, तर चव घेऊन पाहण्याच्या भानगडीत न पडता ते टाकून द्यावेत.

औषधांचा साठा मात्र अन्नापेक्षा निगुतीने करावा लागतो. रक्तदाब, मधुमेह, दमा, अपस्मार, हृदयविकार अशा आजारांवर रोज औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून निदान एक आठवड्याचा जादा साठा हाताशी ठेवावा, आणि औषधाचे मूळ नाव, मात्रा व वेळ लिहिलेला कागद सोबत ठेवावा. दुसऱ्या गावात दुसऱ्या कंपनीचे तेच औषध त्या नावावरूनच मिळते. इन्सुलिनसारखी थंड ठेवावी लागणारी औषधे वीज नसताना कशी सांभाळायची, हे डॉक्टरांना आजच विचारून लिहून घ्यावे. प्रथमोपचाराच्या पेटीत जाड गॉज, बँडेज, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, जंतुनाशक आणि जलसंजीवनीची पाकिटे असावीत. पाकिटे नसल्यास एक लिटर पिण्याच्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवून जुलाबावर देता येते. चमचा चहाचा, सुमारे ५ मिलिलिटरचा घ्यावा आणि मीठ अंदाजाने वाढवू नये.

चौथी पायरी: उजेड, फोन आणि वीज

काही वर्षांपूर्वी एका रात्री वीज गेली तेव्हा मी ड्रॉवरमधला टॉर्च काढला आणि बटण दाबले, पण काहीच झाले नाही. मेणबत्तीच्या उजेडात झाकण उघडले, तर सेलमधून पाझरलेली पांढुरकी-हिरवट भुकटी सगळीकडे पसरली होती आणि तळाची स्प्रिंग खाल्ली गेली होती. टॉर्च होता, सेल होते, दोन्ही जागेवर होते, आणि तरीही उजेड नव्हता. तेव्हापासून मी सेल टॉर्चच्या बाहेर, मूळ वेष्टनात, पण टॉर्चलाच बांधून ठेवतो. मेणबत्तीपेक्षा टॉर्च केव्हाही बरा, विशेषतः गॅसगळतीची शक्यता असताना. कपाळाला बांधण्याचा टॉर्च घेतल्यास दोन्ही हात मोकळे राहतात, आणि जखमेवर पट्टी बांधताना किंवा लहान मुलाला उचलून जिना उतरताना त्याचे महत्त्व कळते.

पॉवर बँक न वापरताही हळूहळू उतरते, म्हणून ती महिन्या-दोन महिन्यांनी भरावी. इंटरनेट आणि मोबाइल टॉवर दोन्ही बंद पडले तरी सेलवर चालणाऱ्या रेडिओवरून अधिकृत सूचना ऐकता येतात. फोनचे जाळे ताणलेले असताना साधा लेखी संदेश पुष्कळदा जातो, कारण त्याला अखंड जोडणी लागत नाही. फोन फुटला किंवा बंद पडला तर आपल्यापैकी किती जणांना घरच्यांचे क्रमांक पाठ आहेत, हे प्रामाणिकपणे तपासावे. दोन क्रमांक प्रत्येकाने पाठ करावेत आणि सर्व क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवावेत. ११२ हा अनेक देशांत चालणारा आणीबाणीचा क्रमांक आहे. आपण राहतो तिथला क्रमांक कोणता, हे मुलांनाही शिकवावे.

जनरेटर आणि कोळशाची शेगडी यांबाबत कोणतीही तडजोड करू नये. दोन्हींतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला तो उठूही देत नाही. जनरेटर घरात, गॅलरीत, गॅरेजमध्ये किंवा जिन्याखाली लावू नये. तो उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून निदान ६ मीटर दूर असावा. ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये. जनरेटर चालू असताना एकाच घरातील अनेकांना डोकेदुखी, मळमळ आणि चक्कर एकदम सुरू झाली, तर आधी सर्वांनी मोकळ्या हवेत यावे.

पाचवी पायरी: उचलून नेण्याची सॅक

घर सोडावे लागेल तेव्हासाठी माणशी एक सॅक भरावी आणि ती बाहेरच्या दाराजवळ ठेवावी. पाणी, थोडे खाणे, औषधे, टॉर्च, शिट्टी, एक जोड कपडे, पावसापासून संरक्षण, साबण, सॅनिटरी पॅड, सुट्या नोटा आणि चष्म्याची जादा जोडी एवढे पुरे. ओळखपत्रे, मालमत्तेची व विम्याची कागदपत्रे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या यांच्या प्रती जलरोधक पाकिटात घालाव्यात. प्रत्येक खोलीचे फोटो काढून घराबाहेर कोठेतरी साठवल्यास पुढे विम्याचा दावा करताना उपयोग होतो. सॅक भरून झाली की ती पाठीला लावून घराचा जिना एकदा उतरून-चढून पाहावा. जे सामान अनावश्यक वाटेल ते तिथेच काढावे.

सहावी पायरी: माणसांची योजना

दिवसाच्या बहुतेक वेळी घरातली माणसे एका छताखाली नसतात, म्हणून एकमेकांना शोधण्याची पद्धत आधी ठरलेली असावी. दोन भेटण्याच्या जागा ठरवाव्यात: एक घराच्या अगदी समोर, आग लागली तर सर्वांनी जमण्यासाठी, आणि दुसरी वस्तीपासून दूर, परिसरात जाता येत नसेल तेव्हासाठी. दूरच्या गावातील एक नातलग किंवा मित्र ‘निरोप्या’ म्हणून नेमावा आणि प्रत्येकाने त्यालाच कळवावे. आपत्तीच्या क्षेत्रातील स्थानिक फोन अडलेले असताना बाहेरगावचा फोन कधी कधी लागतो. शाळेतून मुलाला आणण्याचा अधिकार आई-वडिलांखेरीज कोणाला आहे, हे शाळेला लेखी कळवावे.

घरात अंथरुणाला खिळलेली व्यक्ती, तान्हे बाळ, कमी ऐकू येणारे आजोबा किंवा चाकाच्या खुर्चीवर असलेली बहीण असेल, तर त्यांना कोण बाहेर आणणार हे नावानिशी ठरवावे, आणि तो माणूस घरी नसेल तर दुसरा कोण, हेही. ‘कोणीतरी आणेल’ असे गृहीत धरलेल्या घरात प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहत राहतो. ऑक्सिजन यंत्रासारखे विजेवर चालणारे उपकरण असल्यास वीज कंपनीला आणि जवळच्या रुग्णालयाला आधीच कळवून ठेवावे. पाळीव प्राण्यांसाठी पट्टा, पिंजरा आणि खाणे तयार ठेवावे, कारण सर्वच निवाऱ्यांत त्यांना प्रवेश नसतो.

शेजाऱ्यांशी बोलणे हा या पायरीचाच भाग आहे. कोबेमध्ये ढिगाऱ्याखालून जिवंत बाहेर काढलेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना कुटुंबीयांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले. बचाव पथके एकाच वेळी सगळीकडे पोहोचू शकत नव्हती. कोणाकडे शिडी आहे, कोणाला प्रथमोपचार येतो, कोणत्या घरात एकटी वृद्ध व्यक्ती राहते, एवढी माहिती प्रत्येक मजल्यावर असावी.

सातवी पायरी: सराव

सराव न केलेली योजना कागदावरच राहते, आणि याचे फार बोलके उदाहरण इंडोनेशियातील सिमेउलुए बेटावर आहे. १९०७ च्या सुनामीनंतर तिथल्या लोकांनी ‘स्मोंग’ (स्थानिक भाषेत सुनामी) या शब्दाभोवती एक शिकवण पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवली: जोराचा भूकंप झाला आणि समुद्र मागे हटला की टेकडीकडे पळा. २६ डिसेंबर २००४ रोजी भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ असूनही त्या बेटावर सुनामीने फारच थोडे लोक दगावले. त्यांच्याजवळ कोणतेही उपकरण नव्हते. काय करायचे हे लहान मुलांनाही ठाऊक होते.

घरी सराव करताना निदान तीन प्रसंग घ्यावेत. भूकंपात खाली बसावे, भक्कम टेबलाखाली शिरावे आणि त्याचा पाय धरून ठेवावा. दाराच्या चौकटीत उभे राहू नये, हादरे चालू असताना धावू नये, अंथरुणात असल्यास तिथेच राहून उशीने डोके झाकावे, आणि नंतरही लिफ्ट वापरू नये. आगीत धूर वर राहतो, म्हणून जमिनीलगत रांगत बाहेर पडावे. बंद दाराला हाताची मागची बाजू लावून पाहावी, दार तापलेले असेल तर उघडू नये, दुसरी वाट धरावी, आणि बाहेर पडताना मागचे दार ओढून घ्यावे. एकदा बाहेर पडल्यावर कोणत्याही वस्तूसाठी परत आत जाऊ नये. तेलाने पेट घेतल्यास पाणी न टाकता शेगडी बंद करून कढईवर झाकण सरकवावे. पुरात वाहते पाणी केवळ १५ सेंटिमीटर असले तरी ते प्रौढ माणसाला पाडू शकते, ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकते आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक वाहने. म्हणून पाण्याखाली गेलेला रस्ता ओलांडू नये, वाट ओळखीची असली तरी नाही.

आमच्या घरी पहिला सराव आम्ही संध्याकाळी मेन स्विच बंद करून केला. सर्वांना दाराबाहेर यायला दोन मिनिटे लागतील असे वाटले होते, प्रत्यक्षात सहा लागली, आणि त्यांतली चार आईला चपला सापडेपर्यंत व जिन्याचा कठडा चाचपडेपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीपासून दारापर्यंत अंधारात चमकणारी पट्टी लावली. असा सराव वर्षातून दोनदा करावा, आणि त्यातला एक रात्री.

आठवी पायरी: तारखा आणि परतल्यानंतर

पाणी, सेल, औषधे आणि खाणे यांच्या मुदती एका कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. तपासणीचा एक दिवस पक्का करावा. १३ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय आपत्ती जोखीम न्यूनीकरण दिन त्यासाठी लक्षात राहण्याजोगा आहे, आणि दुसरी तपासणी त्यानंतर सहा महिन्यांनी करावी. मुलांची वाढ झालेली असते, सॅकमधले जोडे आणि कपडे त्यांना होईनासे झालेले असतात, हेही तेव्हाच पाहावे.

घर सोडून जावे लागले असेल, तर अधिकृत परवानगी मिळाल्यावर दिवसाउजेडी परतावे. पाणी शिरलेल्या घरात बूट आणि हातमोजे घालून जावे, वायरिंग जाणकाराने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये, आणि साफसफाईला हात लावण्याआधी भिंतीवरील पाण्याच्या खुणेसह प्रत्येक खोलीचे फोटो घ्यावेत. पुराचे पाणी लागलेले अन्न आणि औषधे टाकून द्यावीत. ओल्या गाद्या, पडदे आणि लाकूड एक-दोन दिवसांत वाळले नाही, तर बुरशी धरते, म्हणून सर्वांत आधी खिडक्या उघडून हवा खेळती करावी. सॅकमधून जे जे वापरले, त्याची यादी त्याच दिवशी करून ती दारावरील कागदाखाली टाचावी आणि पुढच्या खरेदीला ती सोबत न्यावी.